पडले नाही, नुसती बसले

दारातून आत शिरताच आंबेहळदीचा वास आला की मी समजते, या घरात कोणीतरी पडलंय. मला बोलावलेलं असतं भलत्याच कारणासाठी. खांदा आखडलाय, गुडघा वाकत नाही, मानेचा पट्टा अजून किती दिवस लावायचा, असं काहीतरी. मी पुण्यात घरोघरी जाऊन फिजिओथेरपी करते. कोथरूड, एरंडवणे, सदाशिव पेठ, कधी पार सिंहगड रोडचं टोक. पेशंट बहुतेक सत्तरीच्या पुढचे. त्यांच्या लेखी मी 'व्यायामाच्या बाई'. तर खांदा बघायला म्हणून बाही वर सारावी, तर दंडावर काळंनिळं उमटलेलं आणि त्यावर वाळून तडकलेला पिवळा लेप.

"काकू, कधी पडलात?"

"छे गं. पडले कुठे? नुसती बसले."

"कुठे बसलात?"

"बाथरूममध्ये." मग स्वयंपाकघराकडे एक नजर, आणि आवाज एकदम खाली. "तिला सांगू नकोस हं."

काकांची तऱ्हा थोडी वेगळी. त्यांचा फक्त जरासा तोल गेलेला असतो, पण लगेच सावरलेला. कपाळावर टाके असले तरी सावरलेलाच.

ही लपवाछपवी मला सुरुवातीला गमतीची वाटायची. आता वाटत नाही, कारण एकदा पडलेलं माणूस पुन्हा पडण्याची शक्यता न पडलेल्यापेक्षा बरीच जास्त असते. पहिल्या पडण्याची खबर वेळेवर लागली, तर दुसरं टाळण्यासाठी काहीतरी करता येतं. पण खबर लागणार कशी? म्हातारं माणूस पडलं की घरात खटला उभा राहतो. तिथे गेलातच कशाला? हाक का नाही मारलीत? दिवा का नाही लावलात? हज्जारदा सांगितलं होतं ना? उलटतपासणी संपली की शिक्षा. गॅलरीतल्या कुंड्या वॉचमनला देऊन टाकतात. संध्याकाळी बागेत जाणं बंद. बाथरूमची आतली कडी काढून टाकतात. अमेरिकेतला मुलगा ऑनलाइन कॅमेरा मागवतो. आणि सगळ्यांत मोठी शिक्षा म्हणजे "आता तू इकडेच ये कायमची". पडणं एकदाच, भोगणं रोजचं. असल्या कोर्टात कबुली कोण देईल?

घरचेही काही दुष्ट नसतात. सासूबाईंचं हाड मोडलं तर रजा कोणाची जाणार, अंथरुणातलं सगळं कोण करणार, हे सुनेला पक्कं ठाऊक असतं. तिच्या ओरडण्यात भीतीच जास्त असते. भीती दोन्हीकडे आहे, आणि दोघींमधलं बोलणं मात्र बंद.

आकडे सांगितल्याशिवाय या विषयाला कोणी गांभीर्याने घेत नाही, म्हणून थोडे सांगते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जगात दरवर्षी सुमारे ६,८४,००० माणसं पडल्यामुळे मरतात. अपघाती मृत्यूंमध्ये रस्त्यावरच्या अपघातांच्या खालोखाल नंबर पडण्याचा. यातले ८० टक्क्यांहून जास्त मृत्यू गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत होतात, म्हणजे आपल्याकडेही. पासष्टीच्या पुढच्या साधारण तिघांतला एक जण वर्षात एकदा तरी पडतो. तुमच्या इमारतीत आजी-आजोबांची किती जोडपी आहेत ते आठवा आणि हिशोब करा. मग त्यातल्या किती पडण्यांची गोष्ट तुमच्या कानावर आली तेही आठवा.

एक पडणं जरा उलगडून सांगते. ओळख पटू नये इतपत तपशील बदललेत. काकू निवृत्त शिक्षिका, अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, कोथरूडला दुसऱ्या मजल्यावर एकट्या राहतात. मुलगा सॅन होजेला, मुलगी नाशिकला. पहाटे तीनच्या सुमाराला बाथरूमला उठल्या आणि दारातच कोसळल्या. हाड मोडलं नाही, मनगट मुरगळलं. मुलगी नाशिकहून धावत आली, बाथरूमच्या दारातलं पायपुसणं उचलून फेकून दिलं आणि न घसरणारी मॅट मागवली. निकाल लागला. पायपुसण्यामुळे पडली.

मी मनगटासाठी जात होते, पण गप्पांमध्ये एकेक निघत गेलं. आदल्या दिवशी एकादशी होती. दिवसभर साबुदाणा आणि शेंगदाणे, पाणी बेताचंच, कारण रात्री उठावं लागू नये म्हणून संध्याकाळी सहानंतर त्या पाणी पीतच नाहीत. नुकतीच ब्लड प्रेशरची दुसरी गोळी सुरू झाली होती. यजमान गेल्यापासून झोपेची गोळी आहे, "पण अर्धीच हं!" झोपताना तळपायांना तूप लावून काशाच्या वाटीने घासायची सवय, त्यामुळे पाय तुळतुळीत. दिवा लावला की झोप उडते म्हणून अंधारातच चालणं. आणि दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, "अजून पिकला नाही" म्हणून ठेवलेला. मी त्यांना आडवं झोपवून प्रेशर घेतलं, मग उभं करून घेतलं. वरचा आकडा तिसाने खाली आला. उभं राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत वरचा आकडा वीसने किंवा खालचा दहाने उतरला, तर तो उतार दखल घेण्याजोगा मानतात. दवाखान्यात प्रेशर बसवून घेतात, त्यात हे कळतच नाही.

पायपुसण्याला फाशी झाली. बाकीचे सहा आरोपी मोकळे हिंडत होते.

अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या डॉ. मेरी टिनेटी यांनी १९८८ साली पंच्याहत्तरीच्या पुढच्या, स्वतःच्या घरी राहणाऱ्या ३३६ माणसांचा वर्षभर माग ठेवला होता. झोपेच्या गोळ्या, पायांतला अशक्तपणा, चालण्यातला डळमळीतपणा, पावलांची दुखणी, विसराळूपणा अशी काही कारणं त्यांनी मोजली. यातलं एकही कारण नसलेल्यांपैकी ८ टक्के पडले. चार किंवा जास्त कारणं असलेल्यांपैकी ७८ टक्के. मला हे आकडे फार उपयोगी वाटतात, कारण ते दोन्ही बाजूंनी वाचता येतात. एकेका कारणाने धोका चढत जातो, म्हणजे एकेक काढून टाकलं तर उतरतोही. त्यांनीच पुढे १९९४ मध्ये ते करून दाखवलं. औषधं तपासली, व्यायाम दिले, घरात लहानसहान बदल केले. वर्षभरात त्या गटातले ३५ टक्के पडले, नुसत्या भेटीगाठी घेतलेल्या गटातले ४७ टक्के. जादू नाही, पण शंभरातली बारा माणसं म्हणजे थोडी नाहीत.

काकूंच्या डॉक्टरांनी गोळीची वेळ बदलली. झोपेची गोळी हळूहळू उतरवत नेली. कृपा करून हे वाचून कोणी स्वतःच्या मनाने गोळी बंद करू नका, एकदम थांबवली तर वेगळेच त्रास होतात. न्यूझीलंडमध्ये १९९९ साली झोपेच्या आणि मनाच्या गोळ्या सावकाश बंद करून पाहिल्या होत्या, तेव्हा पडण्याचं प्रमाण ६६ टक्क्यांनी खाली आलं. मात्र त्यांतल्या बऱ्याच जणांनी नंतर गोळी परत सुरू केली. एकटेपणात रात्र किती लांब असते हे त्या गोळीला माहीत असतं, आकडे मोजणाऱ्याला नसतं. काकूही अजून कधीमधी पाव तुकडा घेतात. मी काही बोलत नाही.

डोळ्यांचं म्हणाल तर मोतीबिंदू पिकायची वाट बघण्याचे दिवस केव्हाच गेले. पहिल्या डोळ्याची शस्त्रक्रिया लांबणीवर न टाकता लवकर केली, तर पडण्याचं प्रमाण सुमारे एक तृतीयांशाने घटतं असं इंग्लंडमधल्या एका चाचणीत २००५ मध्ये दिसलं होतं. आणि जिना उतरताना बायफोकल चष्म्याची खालची काच घात करते. ती वाचायची काच, तिच्यातून पायरीची कड धूसर दिसते. वाड्याच्या अंधाऱ्या लाकडी जिन्यावर तर विचारूच नका. पायऱ्यांच्या कडांना पिवळी पट्टी चिकटवायला फार खर्च येत नाही.

ड जीवनसत्त्वाचंही सांगून टाकते, कारण प्रत्येक घरात ती पुडी असते आणि प्रत्येकाला वाटतं, जितकी जास्त तितकी हाडं घट्ट. ऑस्ट्रेलियात सत्तरीच्या पुढच्या बायकांना वर्षातून एकदा पाच लाख युनिटांचा एकच मोठा डोस देऊन पाहिला होता. २०१० मध्ये निकाल आला, तो उलटाच. डोस घेतलेल्या बायका जास्त पडल्या आणि त्यांची हाडंही जास्त मोडली. किती आणि कधी ते डॉक्टरांना ठरवू द्या. शेजारणीला नको.

घराबद्दल बोलायचं तर बाथरूमबद्दल सगळेच बोलतात. मला आपल्या घरांतल्या काही खास गोष्टी दिसतात, ज्या परदेशी पत्रकांत सापडत नाहीत. आंघोळीनंतर लावलेली पावडर टाइल्सवर सांडते, तिच्यावर ओला पाय सरकतोच. दाराशी काढलेली रांगोळी गुळगुळीत फरशीवर पसरली की तीही तशीच. दिवाळीत पहाटेच्या अंधारात तेल-उटणं लावून म्हाताऱ्या माणसाला न्हाणीघरात पाठवतात, तेव्हा माझा जीव टांगणीला लागतो. माझं माहेर रत्नागिरीकडचं. तिथे पावसाळ्यात चिऱ्यांच्या पायऱ्यांवर शेवाळ धरतं, आणि तरी आमच्या शेजारच्या आजी नव्वदीला टेकेपर्यंत त्या पायऱ्यांवरून चढउतार करत होत्या. पायऱ्या खराट्याने घासून काढायच्या आणि अनवाणी पाऊल सबंध टेकवून उतरायच्या. त्यांना पुण्यात आणून व्हिट्रीफाइड टाइल्सवर मोजे घालून चालवलं असतं तर पहिल्याच दिवशी आडव्या झाल्या असत्या.

आणखी एक. टॉवेलचा दांडा हा माणसाने धरायचा दांडा नव्हे. तो टॉवेलाच्या वजनासाठी बसवलेला असतो. घसरताना तो पकडलेले आणि दांड्यासकट खाली आलेले बरेच जण मी पाहिलेत. नुसते दाबून चिकटवायचे हँडलही नकोत. कमोडशेजारी आणि आंघोळीच्या जागी भिंतीत नीट ड्रिल करून, स्क्रूने आवळून स्टीलचा दांडा बसवून घ्या, आणि मिस्त्री गेल्यावर स्वतःचं पूर्ण वजन टाकून बघा. इंटीरियरवाले नाकं मुरडतात. मुरडू देत.

पण घरापेक्षा मला पायांबद्दल बोलायचंय. घर सारखं करायला सगळे तयार असतात, कारण ते पैसे टाकून एका रविवारी उरकता येतं.

एक काका होते, बँकेतून निवृत्त झालेले, ब्याऐंशी वर्षांचे. फूटपाथच्या उखडलेल्या फरशीला अडखळून पडले, गुडघा खरचटला, बाकी काही नाही. घरच्यांनी ठरवलं, आता धोका नको. सोफ्याशेजारी टीपॉय आला, त्यावर पाण्याची बाटली, रिमोट, पेपर, गोळ्यांचा डबा, घंटी. ब्युरोमधून एक मुलगा ठेवला, तो चहाही हातात देई. रात्री लघवीचं भांडं पलंगाशी. प्रेमात काही म्हणता काही कमी नव्हतं. वर्षभराने मी गेले तेव्हा मांड्या हाताला लागेनात, इतक्या उतरलेल्या. एके दिवशी तो मुलगा खाली दूध आणायला गेला आणि काका दाराची बेल वाजली म्हणून उठले. दोन पावलांत कोसळले. घरचे मला म्हणाले, "बघा, उठले म्हणून पडले." मला दिसत होतं की ते वर्षभर उठले नव्हते म्हणून पडले.

"जागेवर बस, मी देते" हे मराठी घरातलं सर्वांत मायेचं वाक्य असेल. पण सत्तरीनंतर स्नायूंना तेच वाक्य सर्वांत जास्त बाधतं. पाणी घ्यायला उठणं, देवघरापाशी जाणं, ओट्याशी उभं राहून भाजी निवडणं, हाच त्या पायांचा रोजचा खुराक असतो. तो तोडला की पाय झपाट्याने उतरतात, आणि तरुण माणसासारखे पटकन भरून येत नाहीत.

यावर जगभर भरपूर काम झालंय. २०१९ मध्ये कॉक्रेन या संस्थेने शंभराहून जास्त चाचण्या एकत्र तपासल्या. घरी राहणाऱ्या ज्येष्ठांनी व्यायाम केला तर पडण्याचं प्रमाण २३ टक्क्यांनी घटतं असं निघालं. त्यातही तोल सांभाळण्याचे आणि रोजच्या हालचालींतले व्यायाम कामी येतात. "मी रोज अर्धा तास चालतो" असं काका छाती पुढे काढून सांगतात तेव्हा मी त्यांचं कौतुक करते, पण नुसत्या चालण्याने भागत नाही. सरळ रस्त्यावर सरळ चालताना तोलाची परीक्षाच होत नाही. पडायला होतं ते वळताना, वाकताना, मागे सरकताना, एका पायावर लेंगा चढवताना.

न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठात नव्वदच्या दशकात एक कार्यक्रम तयार झाला, आम्ही फिजिओ त्याला ओटागोच म्हणतो. पहिली चाचणी त्यांनी चक्क ऐंशीच्या पुढच्या बायकांवर केली, तीही त्यांच्या घरी जाऊन. घोट्याला वजन बांधून पाय उचलणं, खुर्चीतून हात न लावता उठणं-बसणं, एका पायावर उभं राहणं, टाचेला बोट लावत रेषेत चालणं, उलटं चालणं. आठवड्यातून तीनदा. ती आणि पुढच्या सगळ्या चाचण्या मिळून पडण्याचं प्रमाण सुमारे ३५ टक्क्यांनी घटलं. ऐंशीच्या पुढच्यांतही! आपल्याकडे ऐंशीला माणसाला आरामखुर्ची भेट देतात.

ओटागोचं मी ओट्यावर आणलंय. स्वयंपाकघराचा ओटा कमरेच्या उंचीचा, पक्का, हलत नाही. त्याला धरून चहाला उकळी येईपर्यंत टाचा वर-खाली. दूध तापेपर्यंत एका पायावर, मग दुसऱ्या. आधी दोन्ही हातांनी धरून, मग एका हाताने, मग नुसती बोटं टेकवून. मागे खुर्ची ठेवलेली. कोथरूडच्या काकूंना हे चटकन पटलं, कारण त्यांना 'व्यायाम' नको होता आणि चहा हवा होता. काही दिवसांनी त्या म्हणाल्या, "मंगळागौरीत आम्ही रात्र रात्र हेच करत होतो की गं. तेव्हा कुणी व्यायाम म्हटलं नाही." बरोबरच आहे. पिंगा, झिम्मा, फुगडी यांत वळणं, वाकणं, उकिडवं बसून उठणं, सगळं आलं. ज्येष्ठ नागरिक संघांच्या सभांना मला बोलावतात तेव्हा मी भाषण थोडक्यात आटपते आणि सगळ्यांना खुर्चीच्या पाठीला धरून उभं करते. मृत्युपत्र आणि आहार यांवर त्यांनी पुष्कळ ऐकलेलं असतं.

चालताना बोलणं हीदेखील एक परीक्षा आहे. स्वीडनमधल्या संशोधकांनी १९९७ मध्ये अगदी साधी गोष्ट टिपली. वृद्धांसोबत चालत चालत गप्पा सुरू केल्या, तर काही जण उत्तर द्यायला थांबतात. ५८ जणांपैकी १२ असे थांबले, आणि पुढच्या सहा महिन्यांत त्या बारांतले दहा पडले. ज्यांचं सगळं लक्ष पाय टाकण्यातच खर्च होतं, त्यांच्याकडे बोलायला लक्ष उरत नाही. मी हल्ली पेशंटला दारापर्यंत सोडायला लावते आणि वाटेत मुद्दाम नातवंडांची चौकशी करते. थांबले की मनात नोंद होते. अशा माणसाला कुकरची शिट्टी, फोन आणि दारावरची बेल एकाच वेळी वाजली तर काय होईल ते सांगायला नको. फोन पुन्हा येतो, कुरिअरवाला थांबतो, आणि चार शिट्ट्यांच्या सहा झाल्या तर वरणच होतं.

जमिनीवरून उठण्याची गोष्ट राहिली, आणि माझ्या मते तीच सर्वांत दुर्लक्षित आहे. इंग्लंडमध्ये १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं की पडल्यावर तासाभराहून जास्त वेळ जमिनीवर पडून राहिलेल्यांतले निम्मे सहा महिन्यांत गेले, थेट इजा झाली नसली तरीही. आणि टिनेटींच्याच एका अभ्यासात काहीही न लागलेल्यांपैकी जवळजवळ निम्म्यांना आपलं आपण उठताच आलं नव्हतं. आपल्या आधीच्या पिढ्या पाटावर जेवल्या, मांडी घालून बसल्या, दिवसातून अनेकदा जमिनीवरून उठल्या. मग डायनिंग टेबल आलं, कमोड आला, डॉक्टरांनी "खाली बसू नका" सांगितलं, काहींचे गुडघे बदलले. बहुतेक ठिकाणी त्यात चूक काही नाही. पण वर्षानुवर्षं जमिनीला न टेकलेलं माणूस एक दिवस जमिनीवर सापडतं आणि तिथून वर यायची वाटच विसरलेलं असतं.

ती वाट शिकवता येते. आधी निवांत श्वास घ्यायचा आणि कुठे दुखतंय का बघायचं. कुशीवर वळायचं, कोपरावर भार घेऊन अर्धं उठायचं, हात-गुडघ्यांवर यायचं, रांगत पलंग किंवा भक्कम खुर्ची गाठायची. दोन्ही हात त्यावर, जो पाय मजबूत तो पुढे, आणि मग हातांवर आणि त्या पायावर जोर देत वर. त्याच बँकेतल्या काकांना बऱ्याच महिन्यांच्या मेहनतीनंतर मी गादी अंथरून हे शिकवायला लागले तेव्हा ते रागावले. "या वयात रांगायचं? अहो, काहीतरीच." काकू सोफ्यावर बसून बघत होत्या. म्हणाल्या, "रांगताच आहात तर पलंगाखाली माझं कानातलं सापडतंय का बघा जरा." कानातलं सापडलं नाही, पण काका हसत हसत पलंगापर्यंत पोचले.

इथे एक सावधगिरी. खुब्यात किंवा जांघेत जोरात दुखत असेल, एक पाय आखूड झाल्यासारखा दिसत असेल, पाऊल बाहेरच्या बाजूला वळून पडलं असेल, तर उठवायचं नाही. मालीश नको, हाडवैद्य नको, "उद्या बघू" नको. पांघरूण घालायचं आणि १०८ ला फोन लावायचा. खुब्याचं हाड मोडल्यावर "आता या वयात कशाला ऑपरेशन" म्हणून अंथरुणात ठेवलेली माणसं पाठीच्या जखमांनी आणि छातीत कफ साठून जातात. शक्य तितक्या लवकर, जमलं तर दोन दिवसांच्या आत शस्त्रक्रिया आणि दुसऱ्या दिवशी उभं करणं, ही आता सगळीकडे मान्य झालेली रीत आहे. तरीही वर्षभरात साधारण पाचांतला एक जण जातो. म्हणूनच तर मी टाचा वर-खाली करायला लावते.

काठीबद्दल पुरुषमंडळींचा एक गोड खोटेपणा आहे. काठी घेणार नाहीत, छत्री घेतात. मेमध्ये, लख्ख उन्हात, काळी लांब दांड्याची छत्री टेकत निघतात. छत्रीचं टोक लोखंडी, फरशीवर सर्रकन सरकतं. त्यापेक्षा काठी बरी, खाली रबरी बूच असलेली, आणि ते बूच झिजलं की बदलायचं. उंची मनगटाच्या घडीइतकी. आणि दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरायची, हे सांगून मी थकले. राज्य सरकारच्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत उत्पन्नाच्या अटीत बसणाऱ्या पासष्टीच्या पुढच्यांना काठी, वॉकर, चष्मा, कमोड खुर्ची असल्या साधनांसाठी ३,००० रुपये खात्यात मिळतात. माझ्याकडच्या पेशंटना त्याची फारशी गरज नसते, पण त्यांच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींच्या सासूबाईंना असते. मावशींना जरूर सांगा.

आता कोथरूडच्या काकू आणि तो कॅमेरा. पहिल्या पडण्यानंतर सॅन होजेच्या मुलाने हॉल आणि बेडरूम, दोन्हीकडे कॅमेरे बसवले होते. तिथे दुपार असताना इथे पहाट. तो कामात, कॅमेरा चालू. कॅमेरा पडताना दाखवतो, धरत नाही, हे त्यालाही कळत होतं. काकू बेडरूमच्या कॅमेऱ्यावर रुमाल टाकून साडी बदलायच्या आणि तो रुमाल पाहिला की तिकडून फोन यायचा. शेवटी मुलगा सुट्टीत आला तेव्हा तिघे-चौघे बसलो. बेडरूमचा कॅमेरा निघाला. बाथरूमपर्यंतच्या वाटेवर, माणूस उठलं की आपोआप लागणारे छोटे दिवे आले. किल्लीचा एक जोड समोरच्या फ्लॅटमध्ये गेला. काकूंनी सगळ्या गाऊनना खिसे शिवून घेतले, मोबाइल कायम खिशात, बाथरूममध्येही. मोतीबिंदूची तारीख ठरली. आणि मुख्य म्हणजे दोघांत एक करार झाला. काकूंनी प्रत्येक पडणं, अडखळणं, हात टेकणं सांगायचं. मुलाने त्यावर "इकडे ये" म्हणायचं नाही.

लिहून ठेवायची युक्ती मी सुचवली. पडण्यावरच्या संशोधनात माणसांना महिन्याचं कॅलेंडर देतात आणि रोजच्या रोज खूण करायला लावतात, कारण वर्षाखेरीस विचारलं तर बरीच पडणी आठवत नाहीत. काकूंच्या स्वयंपाकघरात कालनिर्णय होतंच. त्यात दुधाचे खाडे, सिलिंडरची तारीख, गुरुपुष्यामृत असं सगळं आधीपासून होतं. त्याच चौकोनांत आता बारीक अक्षरांत पडण्याच्या नोंदी आल्या. 'गॅलरी. अडखळले. भिंत धरली.' 'जिना. शेवटची पायरी दिसली नाही.' ही दुसरी नोंद दोनदा आल्यावर आम्ही सोसायटीच्या मागे लागून जिन्यात दिवा बसवून घेतला. शाईने लिहिलेल्या त्या ओळींमधून मला जितकं कळतं तितकं कुठल्या तपासणीतून कळत नाही.

मागच्या महिन्यात मी तिथे असताना मुलाचा व्हिडिओ कॉल आला. काकूंनी फोन ओट्यावर उभा केला आणि टाचा वर-खाली करत कालनिर्णयमधून वाचून दाखवलं.

"मंगळवार. गॅलरीत खाली बसले. म्हणजे, पडले."

तिकडे जरा वेळ शांतता. मी त्याच्या चेहऱ्याकडे बघत होते. तोंडाशी आलेलं काहीतरी त्याने गिळलं.

"लागलं का कुठे?"

"नाही. उठले माझी मी. हिने शिकवलंय तसं."

"काय करत होतीस?"

"मोगऱ्याची कुंडी उन्हात सरकवत होते."

"मग," तो म्हणाला, "सरकली का?"

"अर्धी सरकली. उरलेली आज हिच्याकडून सरकवून घेते."